पोस्टर खालून वर वाचा

नमस्कार, श्रोतेहो.

जूनच्या उत्तरार्धात युरोपात हेवी मेटलचे तीन मोठे महोत्सव जवळपास एकाच वेळी भरतात. फ्रान्समध्ये क्लिसाँ गावात हेलफेस्ट, बेल्जियममध्ये देसेलला ग्रासपॉप आणि कोपनहेगनच्या जुन्या जहाजबांधणी आवारात कोपनहेल. तिन्हींची पोस्टरं शेजारी शेजारी लावा. सगळ्यात मोठ्या अक्षरातली नावं बऱ्याचदा तीच असतात. यात कुणी कुणाची नक्कल करत नाही. मोठा बँड ट्रकांचा ताफा आणि शंभरेक माणसं घेऊन दौऱ्यावर निघतो, त्याला एका कार्यक्रमापुरतं येणं परवडत नाही. गुरुवारी देसेल, शनिवारी क्लिसाँ अशी साखळी जमली तरच खर्च निघतो. त्यामुळे हेडलायनर, म्हणजे पोस्टरवर सगळ्यात वर झळकणारा मुख्य बँड, हा महोत्सवाचा वेगळेपणा नसतोच. तो फक्त तिकिटं खपवतो. फरक शोधायचा असेल तर पोस्टर खालून वर वाचावं.

एकाच देशात दोन महोत्सव भिडले की हीच गोष्ट महागात पडते. आयोजक बँडच्या करारात अट घालतात, की ठरावीक अंतरात आणि ठरावीक काळात दुसरीकडे वाजवायचं नाही. त्या आकाराचे बँड मुळात मोजके, त्यामुळे एकाने घेतला की दुसऱ्याच्या हातून गेला. ब्रिटनमध्ये डॉनिंग्टन पार्कवर २००३पासून डाउनलोड भरतो. तिथेच १९८० ते १९९६ या काळात मॉन्स्टर्स ऑफ रॉक भरायचा, म्हणजे जागेची पुण्याई मोठी. २००९मध्ये नेबवर्थला सोनिस्फिअर उभा राहिला आणि पहिली तीन वर्षं त्याने जोरदार टक्कर दिली. २०१२चा सोनिस्फिअर मात्र रद्द झाला. त्या वर्षी मेटॅलिका आणि ब्लॅक सबाथ डॉनिंग्टनला वाजले. त्याच काळात डर्बीशरमधला ब्लडस्टॉक तगून राहिला, कारण तो या लिलावात उतरलाच नाही. तो एका कुटुंबाचा, आकाराने कितीतरी लहान, आणि पक्क्या मेटलवाल्यांसाठीचा. मोठ्यांशी मोठेपणात भांडायचं नाही, हा शहाणपणा या धंद्यात दुर्मीळ आहे.

आता स्टेजकडे वळू. हेलफेस्टचे सहा स्टेज आहेत आणि त्यांची वाटणी मेटलच्या उपप्रकारांनुसार आहे. दोन मेनस्टेज, डेथ मेटलसाठी अल्टार, ब्लॅक मेटलसाठी टेम्पल, डूम आणि स्टोनरसाठी व्हॅली, पंक आणि हार्डकोरसाठी वॉरझोन. दोन मेनस्टेज शेजारी शेजारी उभे आहेत आणि आलटून पालटून चालतात. अल्टार आणि टेम्पल यांचंही तसंच. एकावर गाणी चालू असताना दुसऱ्यावर पुढच्या बँडची मांडामांड होते. प्रेक्षकाने फक्त मान वळवायची. डेथ मेटलच्या चाहत्याला डेथ मेटल चुकवावं लागत नाही, हा या मांडणीचा खरा फायदा.

एकच स्टेज असेल तर दोन बँडमध्ये अर्धा-पाऊण तास जातो. हा वेळ वाचवायला चाकांच्या फळ्या वापरतात, त्यांना रायझर म्हणतात. ड्रमसेट मागेच फळीवर चढवून, माइक लावून, केबल जोडून तयार ठेवायचा. आधीचा बँड उतरला की त्याची फळी बाहेर, ही आत. मग फक्त लाइन चेक होतो: प्रत्येक चॅनलला, म्हणजे माइक किंवा वाद्याच्या प्रत्येक जोडणीला, आवाज येतो का, एवढंच बघतात. निवांत साउंडचेक सहसा शेवटच्या मोठ्या बँडच्याच वाट्याला येतो. इथे घोटाळे ठरलेले आहेत. बँडने पाठवलेली चॅनलयादी जुनी निघते. दोन बँडच्या वायरलेसच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींवर चढतात. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प्लिफायर कुणीतरी घाईत थेट २३० व्होल्टला लावतो आणि ट्रान्सफॉर्मर शेजारच्या पेटीतच राहतो. सकाळी दहा मिनिटं हुकली की ती दिवसभर पुढे सरकत जातात. रात्री आवाज बंद करायची वेळ परवान्याने बांधलेली असल्याने कात्री लागते ती दुपारच्या लहान बँडला. महोत्सव चांगला की वाईट हे मुख्य बँडपेक्षा दुपारी दोन वाजता ठरलेल्या मिनिटाला वाजणाऱ्या बँडवरून जास्त कळतं.

आणि आवाज. मेटलचा आवाज उघड्या मैदानावर बिघडणं फार सोपं. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत ड्रमर दोन्ही पायांनी सोळांशाचे, म्हणजे मात्रेला चार, ठोके मारतो तेव्हा सेकंदाला तेरा ठोके पडतात, म्हणजे दोन ठोक्यांत ७५ मिलिसेकंदांचं अंतर. सबवूफरचा, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, घुमारा त्याहून लांबला की ठोके वेगळे ऐकू येत नाहीत, नुसती घरघर उरते. त्यात सात तारांच्या गिटारची खालची तार ६२ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पायाने वाजवायच्या किक ड्रमच्याच घरात. जाणकार इंजिनिअर म्हणूनच गिटारचा सुमारे ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग कापतो आणि तळ ड्रम आणि बासला मोकळा ठेवतो. न कापणाऱ्याचा आवाज मोठा येतो, पण रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी मुख्य धून, कळत नाही.

सबवूफर फक्त डाव्या-उजव्या टोकाला रचले तर मैदानाच्या मधोमध बास छातीत धडकतो आणि चार पावलं बाजूला सरकलं की नाहीसा होतो. दोन्हीकडच्या लाटा काही ठिकाणी एकमेकींना मारतात, म्हणून. त्यावर उपाय असा, की सब स्टेजसमोर एका ओळीत समान अंतरावर पसरायचे. लांबच्या लोकांसाठी मैदानात डिले टॉवर, म्हणजे स्टेजपासून दूर लावलेले स्पीकरचे मनोरे, उभे करतात. आवाजाला १०० मीटर कापायला साधारण ०.२९ सेकंद लागतात, तेवढ्याच उशिराने टॉवर वाजला पाहिजे. रात्री हवा १० अंशांनी थंड झाली तर या हिशेबात पाच मिलिसेकंदांचा फरक पडतो, म्हणून दुपारी जुळवलेला टॉवर संध्याकाळी पुन्हा जुळवावा लागतो. कायद्याची मर्यादा वेगळीच. फ्रान्समध्ये १५ मिनिटांची सरासरी १०२ डेसिबलच्या वर जाऊ देत नाहीत, आणि जर्मनीतलं मानक अर्ध्या तासाला ९९चं आहे. तीन दिवस ऐकणाऱ्याने तरीही संगीतासाठीचे इअरप्लग घालावेत. फोमचे बोळे वरचे स्वर जास्त खातात आणि सगळं गोधडीखालून आल्यासारखं ऐकू येतं.

जमिनीबद्दल पोस्टर काहीच बोलत नाही. जर्मनीतल्या वाकेन या सुमारे दोन हजार वस्तीच्या गावात १९९०मध्ये आठशेच्या आसपास लोक आले होते, आता ८५,००० येतात. ती शेतजमीन आहे, आणि पावसानंतर तिथे अवजड ट्रक फिरला की चाकोऱ्यांचा चिखल होतो. म्हणूनच २०१७मध्ये तिथे जमिनीखालून बिअरची पाइपलाइन टाकली. गंमत वाटते, पण हेतू मैदानात टँकर फिरू नयेत हाच होता. २०२३मध्ये मात्र पावसाने हिशेब चुकवला. गाड्या रुतल्या, लोकांना वाटेतूनच परत पाठवावं लागलं आणि सुमारे ५०,००० लोक आल्यावर प्रवेश थांबवला. ज्यांना आत येता आलं नाही त्यांना पैसे परत देऊ केले. पुढच्या वर्षीची तिकिटं तरीही काही तासांत संपली. याला मी तरी निव्वळ वेड म्हणणार नाही. गावच्या अग्निशमन दलाचं वाद्यपथक जिथे वाकेन फायरफायटर्स म्हणून स्टेजवर चढतं, तिथे लोक बँडसाठी जातात तितकेच गावासाठीही जातात.

काहींची जागाच त्यांची ओळख बनते. चेकियातला ब्रुटल असॉल्ट २००७पासून योसेफोव्हच्या अठराव्या शतकातल्या किल्ल्यात भरतो. ऑस्लोचा इन्फर्नो ईस्टरच्या सुट्टीत, छताखाली. ‘सेव्हन्टी थाउजंड टन्स ऑफ मेटल’ २०११पासून चक्क जहाजावर आहे आणि तिथे प्रत्येक बँड दोनदा वाजवतो, म्हणजे एकदा चुकला तरी दुसरी संधी उरते. आमच्या मते सगळ्यात हुशार मात्र नेदरलँड्समधला तिलबुर्गचा रोडबर्न. तो बँडना गेल्या वर्षीचीच गाणी वाजवायला बोलावत नाही, नवं काम करून घेतो. २०१८मध्ये ओरान्सी पाझुझू आणि डार्क बुद्धा रायझिंग या दोन फिनिश बँडना एकत्र आणून त्याने नवी रचना करून घेतली, आणि पुढच्या वर्षी तिचा अल्बम निघाला. असा कार्यक्रम शेजारच्या महोत्सवाला जास्त पैसे मोजूनही पळवता येत नाही, कारण तो आधी अस्तित्वातच नसतो.

तेव्हा तिकीट काढण्याआधी पोस्टरच्या तळाच्या तीन ओळींतून पाच अनोळखी बँड निवडून ऐका. दोन आवडले तरी पुरे. मग वेळापत्रक आल्यावर तुमचे बँड एकमेकांवर आदळतात का ते बघा, आणि दोन स्टेजमधलं अंतर नकाशावर मोजा. ६०० मीटर म्हणजे रिकाम्या मैदानात सात-आठ मिनिटं, पण हेडलायनर संपल्यावर सुटलेल्या गर्दीत वीसही लागतात. तेवढ्या वेळात पुढच्या बँडची चार गाणी झालेली असतात.