टरफल गेलं, अंडं राहिलं

नमस्कार बालमित्रांनो!

समजा, समोर दोन अंडी आहेत. एक कच्चं, एक उकडलेलं. न फोडता ओळखायचं. कसं? ताटात आडवं ठेवून गरगर फिरवा. उकडलेलं झकास फिरतं, कच्चं डुगडुगतं. आता फिरत्या अंड्यावर क्षणभर बोट टेकवा आणि लगेच उचला. उकडलेलं थांबलं ते थांबलंच. कच्चं मात्र आपणहून पुन्हा फिरू लागतं! तुमच्या बोटानं थांबलं होतं ते फक्त टरफल, आतला बलक फिरतच होता. बसचा ब्रेक लागला की आपण पुढे झुकतो ना, तेच हे जडत्व.

पण माझा लाडका प्रयोग वेगळाच. त्याला दोन दिवस धीर धरावा लागतो, आणि तेच अवघड!

काचेच्या पेल्यात कच्चं अंडं ठेवा, ते बुडेल एवढं व्हिनेगर ओता. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होणार आहे. मिनिटभरात अंड्यावर बारीक बुडबुड्यांची लव उगवते. मग तेच बुडबुडे त्याला वर उचलतात. वरचे फुटले की अंडं हळूच कूस बदलतं. टरफलाचा सुमारे ९५ टक्के भाग म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ज्याचा संगमरवर असतो तेच. व्हिनेगरमधलं आम्ल ते विरघळवतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. दुसऱ्या दिवशी व्हिनेगर बदला. मग नळाखाली अंगठ्यानं अलगद चोळा, उरलेली पांढरी साय निघून जाईल. हाती राहील पातळ पापुद्र्यातलं लिबलिबीत अंडं. अंधारात मागून टॉर्च धरा, आत पिवळा बलक तरंगताना दिसेल.

ते चेंडूसारखं उसळतं म्हणतात. उसळतं, पण दोन-तीन सेंटिमीटरवरून. मी हौसेनं हातभर उंचीवरून सोडलं आणि बाहीपर्यंत पिवळा झालो!

आता दोरीनं त्याचा घेर मोजा आणि अंडं साखरेच्या गार, घट्ट पाकात ठेवा. सकाळी ते सुरकुतून मलूल झालेलं असेल. पापुद्र्यातून पाणी जातं-येतं, पण प्रथिनांचे मोठे रेणू अडकतात. बाहेर पाक, म्हणून आतलं पाणी निघून गेलं. याला परासरण म्हणतात. तेच अंडं साध्या पाण्यात टाका, रात्रीतून टम्म फुगेल. दोरी पुन्हा लावा, दोन्ही आकडे वहीत लिहा. पाण्यात खायचा रंग घातला तर तोही आत शिरतो.

फुगलेल्या अंड्याला शेवटी मोरीत नेऊन टाचणी टोचा. बारीकसं कारंजं उडेल, तोंड जरा लांब ठेवा! हे अंडं खायचं नाही हं. आणि हात साबणानं धुवा, कच्च्या अंड्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.