आजी वेट करते
(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण, थोड्या काटछाटीसह)

नमस्कार मंडळी. तिळगूळ सगळ्यांना मिळाला ना? मागच्या दोन रांगांना पोचला नसेल, तर ती प्रथा मी सचिव असतानाची आहे. नव्या कमिटीला बोल लावू नका.

डिसेंबरात शाळांना सुट्टी लागायच्या आधीची गोष्ट. आमच्या धाकट्याच्या, वय वर्षं सात, वर्गात बाईंनी विचारलं, तुमचे आजी-आजोबा घरी काय बनवतात? कुणाची आजी पास्ता लाटते, कुणाचे आजोबा लाकडी पक्षी कोरतात. आमचे चिरंजीव म्हणाले, माझी आजी काही बनवत नाही, ती वेट करते. आणि हे त्यानं जेवताना आईलाच सांगितलं, मोठ्या कौतुकानं. "आजी, मी सांगितलं, तू वेट करतेस." आईनं त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली. आम्ही नवरा-बायको आमटीत काहीतरी शोधत बसलो.

पोरगं खोटं काय बोललं? आईला सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांच्या लांब मुक्कामाच्या व्हिसावर, कॅनडात मिसिसागाला येऊन चौथा महिना होता. सकाळी आठला आम्ही सगळे बाहेर. ती खिडकीशी खुर्ची टाकून बसते. शाळेच्या बसची वाट, माझी वाट, सुनेची वाट. सांगलीच्या फोनची वाट, तीही दुपारी बाराच्या आत, कारण त्यानंतर सांगली झोपते. आणि पावणेपाचला अंधार. तुमच्याही घरात ती खुर्ची असेल. नसली तर मला पत्ता द्या, बघायला येतो.

मग मी आपल्यातला कुणीही करेल तेच केलं. ऑनलाइन ऑर्डर. ज्येष्ठांसाठी हिवाळ्यातली अगदी सोपी हस्तकला: मोज्याचा स्नोमॅन. पांढरा मोजा घ्या, तांदूळ भरा, दोन ठिकाणी दोरा आवळा, बटणं चिकटवा. आईनं बॉक्स उघडला, पुन्हा बंद केला. "गावभागात तीस वर्षं शिवणाचे क्लास घेतले मी. आता मोज्यात तांदूळ भरू? खायचे?" रात्री घरात जे झालं ते वेबसाइटवर छापता येणार नाही.

तरी मी सुधारलो नाही. रंगवायचं पुस्तक आणलं. तिनं दोन पानं रंगवली, रेघेबाहेर एक टिपूस नाही, आणि म्हणाली, "झालं. आता हे कुणाला द्यायचं?"

तेव्हा मी ते पान फ्रिजवर लावलं आणि स्वतःवर खूश झालो. प्रश्न काय होता ते मला पंधरा दिवसांनी कळलं.

मंडळातल्या एका घरी बाळाचं पहिलं बोरन्हाण होतं. पुण्याहून मागवलेले हलव्याचे दागिने कुरिअरनं आले ते पिठीसाखर होऊन. बायकोनं जेवताना सहज सांगितलं. आई घास थांबवून म्हणाली, "डोक्याचं माप आण. मनगटाचंही."

मंडळी, पुढचे दहा दिवस आमच्या घरात कारखाना होता. हलवा तयार आणू या, असं मी म्हणालो. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. परातीत तीळ, खाली मंद आच, वरून चमचा-अर्धा चमचा एकतारी पाक, आणि बोटांच्या पेरांनी फिरवत राहायचं. तो वाळला की पुढचा चमचा. आमच्या काचेच्या शेगडीला मंद म्हणजे काय ते ठाऊक नाही, ती रसरसते नाहीतर विझते. आईनं परातीखाली जाड तवा ठेवला. पहिले दोन दिवस काटाच येईना, नुसते गुळगुळीत दाणे. तिसऱ्या दिवशी तिनं हवा दमट ठेवणारा ह्युमिडिफायर बंद केला. सुनेनं चालू केला. सासूनं बंद केला. इतक्या वर्षांचा त्यांचा सलोखा त्या एका बटणावर येऊन टेकला होता. पण ज्या कोरड्या हवेनं आपल्या टाचा फुटतात, त्याच हवेनं त्या रात्री हलव्याला असा काटा आला की आईनं मला झोपेतून उठवून दाखवला. माझा स्वतःचा घाणा म्हणाल, तर त्याचा लाडू झाला. तो मी चहात विरघळवून संपवला.

दागिने तिनं एकटीनं केले नाहीत. तिची बोटं संधिवातानं आखडलेली, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचंय. तिनं फोन करून तिघी-चौघींना बोलावलं. हलव्याला सुई लागतच नाही. दोऱ्याचा फास करायचा, दाणा बसवायचा, ओढायचा. काटा दोऱ्याला धरून ठेवतो. ताटात टर्किश टॉवेल, म्हणजे दाणे घरंगळत नाहीत. मुकुटाला काळा जाड कागद, त्यावर पांढरा दाणा अधू डोळ्यालाही दिसतो. मी आणलेली ग्लू गन तिनं परत पाठवली, बोटं भाजतात म्हणून, फेव्हिकॉल घेतला. कात्री मात्र माझी चालली, स्प्रिंगची, आपोआप उघडणारी. एवढंच माझं योगदान. एका काकांचे हात थरथरतात. त्यांनी मोठे दाणे मुकुटाला, बारके अंगठीला, असं निवडायचं काम घेतलं. निवडता निवडता खाल्लेही. त्यांचे डॉक्टर आज सभागृहात आहेत, म्हणून नाव घेत नाही.

आणि त्या चार बायका बोलत काय होत्या! रेडिओवरच्या सात पाचच्या बातम्या, पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा, कुणाच्या सासूनं किती लाख वाती वळल्या. धाकटा टेबलाखाली बसून ऐकायचा. एकदा त्यानं शाळेतला कागदी स्नोफ्लेक आणला. आई म्हणाली, हे तर आमच्या मखराचं फूल, आणि चटकन आठ पाकळ्यांचं कापून दिलं. "आजी, बर्फाला सहा असतात." तिनं दुसरा कागद घेतला, तीनदा दुमडून पाहिला, चुकली, पुन्हा दुमडला. सहा झाल्या. तो कागद त्यानं बसच्या ड्रायव्हरला नेऊन दिला. कुणाला द्यायचं हे त्याला विचारावं लागलं नाही.

आता जरा रागावतो, रागावू द्या. आपण ज्येष्ठांना पहिल्या रांगेत बसवतो, शाल-श्रीफळ देतो, जेवायला आधी पाठवतो. 'ज्येष्ठांसाठी विशेष' म्हणजे काय, तर अंताक्षरी आणि रक्तदाब तपासणी. ती यादी मीच टाइप केली होती, सलग तीन वर्षं. आणि गणपतीत वाती, वस्त्रमाळा आणतो ग्रोसरीतून, प्लॅस्टिकच्या पाकिटात. एका वर्षी घाईत दुकानातला स्वस्त कापूस आणून मीच वाती वळल्या. तो निघाला पॉलिएस्टरचा. ऐन आरतीत वात वितळून निरांजनात काळा गोळा झाला. चार जणांनी पाहिलं, आणि चौघेही मला अजून विसरू देत नाहीत. कापूस जाळून बघावा, शुद्ध असेल तर राख होते. हे या सभागृहातल्या कुठल्याही आजीनं मला दोन सेकंदांत सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

सोपं काम शोधू नका हो त्यांच्यासाठी. मोज्याचा स्नोमॅन सोपाच होता. गौरीला वस्त्रं लागतात, पाडव्याला तोरण लागतं, दिवाळीला कंदील लागतात. मापं द्या, तारीख द्या, आणि कापसाचे पैसे मंडळानं द्यावेत. कुणीतरी म्हणालं, ही फुकटची राबणूक. आईला विचारलं. ती म्हणाली, पैसे नकोत, पण पुढच्या वेळी बाळाचं माप नीट आणा, मुकुट सैल झाला. तो सैल होऊन बाळाच्या नाकावर आला आणि बाळानं तो चाटून संपवला, हेही तिला सांगितलं. ती दिवसभर हसत होती.

तो दिवस संपला. नव्या बोरन्हाणाचं कुणी विचारलेलं नाही. पाडवा अजून दूर आहे. आणि तिच्या दुसऱ्या डोळ्याचं, त्या बोटांचं पुढच्या हिवाळ्यात काय होईल, मला माहीत नाही. ती फास टाकते कसा, हे मी फोनवर रेकॉर्ड केलंय. करायला बसलो, तर दोरा तुटतो.

आई आज आलेली नाही. बर्फ आहे, पाय घसरतो. इथं यायच्या आधी गाडीतून घरी फोन केला. धाकट्यानं उचलला. म्हटलं, आजी काय करतेय?

"बसलीय."

"वाट बघतेय?"

तो जरा थांबला. "माहीत नाही, बाबा. विचारू?"

मी म्हटलं, नको.