यिंग रुओचंग: जेलर झालेला कैदी

नमस्कार मंडळी. 'लिटल बुद्धा' बघितलाय ना, तो किआनू रीव्हज सिद्धार्थ झालाय तो पिक्चर? त्यात एक म्हातारे लामा आहेत, लामा नोर्बू, शांत चेहरा आणि इंग्लिश इतकं सुंदर की ऐकत राहावं. मला तर कित्येक वर्षं वाटायचं की हे कुणीतरी खरेच तिबेटी लामा धरून आणलेत. पण ते होते बीजिंगचे नट, नाव यिंग रुओचंग.

जन्म १९२९ चा. घराणं मांचू आणि त्यात कॅथलिक. आजोबांनी १९०२ साली 'ता कुंग पाओ' हा पेपर काढलेला, वडील प्रोफेसर. वडील १९४९ च्या सुमारास तैवानला गेले ते गेलेच, बापलेकांची परत भेट नाही. मुलगा चिंगह्वा युनिव्हर्सिटीत परकीय भाषा शिकला आणि तिथून थेट नाटकात, बीजिंग पीपल्स आर्ट थिएटरमध्ये. बायको वू शिल्यांग, तीही चिंगह्वाचीच.

चिनी लेखक लाओ शे यांचं 'टीहाऊस' हे नाटक १९५८ ला आलं, त्यात यिंगच्या वाट्याला आला ल्यू, तोंडभर देवीचे व्रण असलेला दलाल. चहा पिता पिता हा एका गरीब शेतकऱ्याला विचारतो, दहा ताएल (चांदी मोजायचं जुनं चिनी वजन) चांदीत पोरगी देतोस का बोल, आणि पोरगी जाणार कुणाकडे तर म्हाताऱ्या खोजाकडे, म्हणजे नपुंसक केलेल्या दरबारी नोकराकडे, बायको म्हणून! तो बाप विचार करायला बाजूला गेला की हा लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात छोटंसं घड्याळ मारतो. म्हणजे त्याला दोन्ही माल सारखेच. आणि गंमत बघा, तिसऱ्या अंकात या ल्यूचा मुलगा येतो, बापाचाच धंदा चालवणारा, तोही यिंगच!

मग सांस्कृतिक क्रांती, म्हणजे माओने १९६६ ला सुरू केलेली मोहीम, ज्यात शिकलेल्या आणि कलाकार लोकांचा छळ झाला. १९६८ ला नवरा-बायको दोघांनाही उचललं, घरी मुलगा जेमतेम आठ वर्षांचा. यिंग तीन वर्षं तुरुंगात. असा माणूस बाहेर येऊन स्टेजचं नाव तरी घेईल का?

यांनी घेतलं. अमेरिकन नाटककार आर्थर मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन' स्वतः चिनीत आणलं, पुस्तकी भाषेत नाही, बीजिंगच्या बोलीत, आणि त्यातला मुख्य माणूस, थकलेला सेल्समन विली लोमन, तोही स्वतःच झाले. दिग्दर्शनाला खुद्द मिलर बीजिंगला, १९८३ मध्ये. आता तेव्हा चीनमध्ये फिरता सेल्समन कुणी बघितलेला नाही, इन्शुरन्सच्या पैशासाठी माणूस जीव देतो हे काय पटणार? आपल्याकडे निदान दारावर विमा एजंट तरी येतो. त्यात तिथली रीत अशी की गोऱ्या माणसाचं काम म्हणजे विग आणि चेहऱ्याला पांढरा रंग. मिलर म्हणाले ते काही नको. मग चिनी चेहऱ्यानेच लोमन कुटुंब उभं राहिलं, आणि पोराकडून नको तेवढी आशा लावून बसलेला बाप म्हटल्यावर तिथल्या पब्लिकला वेगळं काही समजावून सांगायची गरजच पडली नाही.

आणि आता माझा सगळ्यात आवडता रोल. बर्तोलुचीचा 'द लास्ट एम्परर', १९८७. त्यात माजी सम्राट पू यी कैदेत असतो आणि त्या छावणीचा प्रमुख म्हणजे यिंग. आवाज चढवत नाही, नुसता प्रश्न विचारत राहतो, समोरच्याला सगळं खरं लिहून काढायला लावतो. मला वाटतं, तीन वर्षं पलीकडच्या बाजूला बसल्याशिवाय हे असं जमत नाही, पण हा आपला माझा अंदाज.

शेवटाकडे एक सीन आहे, सांस्कृतिक क्रांतीतली रेड गार्डची, म्हणजे माओच्या तरुण समर्थकांची, पोरं घोषणा देत मिरवणूक काढतात, आणि त्यात गळ्यात पाटी अडकवलेला, मान खाली घातलेला हाच प्रमुख. पू यी धावत जातो, म्हणतो, अहो हे चांगले शिक्षक आहेत! कुणी ऐकत नाही. थिएटरात हा सीन लागला तेव्हा ती पाटी गळ्यात घेतलेले यिंग रुओचंग चीन सरकारचे सांस्कृतिक उपमंत्री होते.