कानबाईनंतरचा ताप

(दृश्य: श्रावणातली ओली सकाळ. कानबाई देवी डोक्यावर घेऊन नदीकडे निघालेल्या बाया.)

खानदेशातल्या चोपडा तालुक्यातलं हे गाव. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जनाला नदीवर जाते. तेवढ्यासाठी सुरतहून, पुण्याहून सगळी भाऊबंदकी एका घरात जमते. बाहेर पाऊस, दारं-खिडक्या बंद, आत वीस माणसं आणि प्रसादाच्या रोटांचा घास. एक जण जरी खोकत आलेला असला तरी फ्लूच्या विषाणूला आयतंच फावतं.

सोमवारी रात्री घरातल्या कर्त्या माणसाला हुडहुडी भरते. “माले ताप उना, आंग दुखस.” हा केळीच्या कापणीवर जाणारा मजूर, आणि जुना दमेकरी.

(दृश्य: मंगळवार. दवाखान्याचं बाकडं.)

बाकड्यावरची मागणी ठरलेली असते: सुई टोचा, नाहीतर सलाईन लावा. कुणी मागच्या वर्षीची उरलेली अँटिबायोटिक खिशातच घेऊन येतो. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, फ्लू विषाणूचा. आणि श्रावणातला ताप डेंग्यूचा, मलेरियाचाही असू शकतो, म्हणून आधी तपासणं आलं.

डॉक्टरांनी लिहून दिलं ते ओसेल्टामिवीर. २००९च्या स्वाईन फ्लूत ज्याचं टॅमिफ्लू हे नाव घरोघरी पोचलं, तेच औषध.

ते काम कसं करतं, हे केळीच्या बागेत उभं राहून सांगणं सोपं. घड पिकला तरी कोयता पडल्याशिवाय झाडावरून सुटत नाही. पेशीत तयार झालेला नवा विषाणूही तिला चिकटलेलाच असतो. सुटायला त्याच्याकडे स्वतःचा कोयता असतो, न्यूरामिनिडेज नावाचा. औषध हा कोयता बोथट करतं. पण सगळे घड आधीच ट्रकवर चढले असतील तर कोयता बोथट करून काय उपयोग? म्हणून ताप सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत पहिली कॅप्सूल पोटात गेलेली बरी. फार आजारी माणसाला, गरोदर बाईला, दमा-मधुमेह असणाऱ्याला डॉक्टर त्यानंतरही देतात, आणि तपासणीच्या अहवालाची वाट पाहत नाहीत.

जादू मात्र नाही. आजाराचे दिवस साधारण एकानं कमी होतात, इतकंच. धडधाकट माणूस बहुतेक वेळा आराम, पाणी आणि पॅरासिटामॉलवरच उठतो.

(दृश्य: चूल. मुगाची खिचडी.)

मोठ्या माणसाला ७५ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, ५ दिवस. मळमळ, उलटी हा नेहमीचा त्रास. रिकाम्या पोटी घेतली तर जास्तच. म्हणून खिचडीचे चार घास आधी. एखादी वेळ चुकली तर आठवताच घ्यायची, पण पुढची वेळ दोन तासांवर आली असेल तर राहू द्यायची. दोन एकदम कधीच नाहीत. अंगावर पुरळ, तोंडावर सूज आली किंवा माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागला, विशेषतः लहान पोर, तर तडक दवाखाना.

आता खाटेवरची आजी. मधुमेह, मूत्रपिंडही थकलेलं. सुनेला वाटतं, त्याच पाकिटातली एक आजीला देऊ. इथेच घोळ होतो. लागण टाळण्यासाठीचा डोस वेगळा: दिवसातून एकदाच, साधारण ७ ते १० दिवस. त्यात मूत्रपिंड कमजोर असेल तर डॉक्टर तोही घटवतात. लेकरांचा डोस वजनावर ठरतो, कॅप्सूल अर्धी करून नव्हे. आणि हे संरक्षण औषध चालू असेपर्यंतच. दरवर्षीच्या लशीची जागा ते घेत नाही.

(दृश्य: गुरुवार रात्र. पत्र्याच्या भिंतीला टेकलेला मजूर.)

ताप उतरलाय. पाकिटात पाच कॅप्सूल उरल्यात. “आता कशाले?” तो विचारतो. पुढच्या पावसाळ्याला कामी येतील, हा त्याचा हिशेब. मधे भुसावळी उन्हाळा, ४५ अंशांत तापणारा पत्रा, हे त्यात धरलेलंच नाही.

बायको काही बोलत नाही. शुक्रवारी सकाळी ताटाशेजारी एक कॅप्सूल ठेवते, संध्याकाळी दुसरी. शनिवारी तसंच.

रविवारी सकाळी शेवटची. बाहेर केळीचा ट्रक हॉर्न देतोय.