फिटची गोळी आणि हाताची थरथर

नमस्कार श्रोतेहो. फिटची गोळी सुरू झाली, फिट थांबली, घरच्यांनी मंगेशीला अभिषेकही केला. मग काही महिन्यांनी चहा बशीत सांडू लागतो, बँकेत सही जुळत नाही, आरतीला निरांजन हातात घ्यायची लाज वाटते. घरात कुजबुज सुरू होते: पार्किन्सन तर नव्हे?

बहुतेकदा नव्हे. सोडियम व्हाल्प्रोएट ही फिटची गोळी घेणाऱ्यांत ही थरथर बरीच आढळते. हात मांडीवर असला की शांत. पुढे धरला किंवा लिहायला घेतलं की बारीक, जलद कंप सुटतो. पार्किन्सनमध्ये सहसा उलट, विसावलेला हातच जास्त हलतो. व्हाल्प्रोएटचा डोस वाढला की कंपही वाढतो. जोडीला लॅमोट्रिजिन हे फिटचं दुसरं औषध असेल तर आणखी, कारण व्हाल्प्रोएटमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण चढतं. दम्याचा पंप आणि कडक कॉफी यांनीही भर पडते.

मला भीती थरथरीची नाही, त्यापायी परस्पर गोळी सोडणाऱ्यांची आहे. औषध एकदम तुटलं तर शुद्धीवर न येता फिटमागून फिट येऊ शकते. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ ला फोन करायचा. कांदा हुंगवत बसायचं नाही. आणि 'फेणीचा घोट घे, हात थांबतो' असं सांगणारा शेजारी आपल्याकडे असतोच! त्याला हसून वाटेला लावा. दारू उतरतानाही फिट येते.

डॉक्टरांकडे उपाय आहेत. डोस थोडा कमी करता येतो, हळूहळू विरघळणारी गोळी देता येते, औषध बदलता येतं. कधी थरथर कमी करणारं प्रोप्रानोलॉल देतात, पण दमा असेल तर ते चालत नाही, म्हणून आधी सांगा. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिकसुद्धा. मनगट न टेकवता कागदावर गोल गोल वेटोळं काढा, तारीख घाला. डोस बदलल्यावर पुन्हा काढा. दोन कागद शेजारी ठेवले की फरक डॉक्टरांनाही दिसतो आणि तुम्हालाही.

थरथरीसोबत गुंगी, उलट्या किंवा बरळणं सुरू झालं, तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी बांबोळीचं गोमेको, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, किंवा जवळचं इस्पितळ गाठा, गोळ्यांची पिशवी घेऊन.