दार लावायची घाई नको

नमस्कार. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी नुकतंच कुत्र्याचं पिल्लू आलंय, काहींच्या घरी लवकरच येणार आहे. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे कोणता क्रेट, म्हणजे पिल्लाला झोपायला दार असलेला पिंजरा, घेऊ. त्याचं उत्तर लहान आहे, ते आधी देऊन टाकते. आत पिल्लाला डोकं न आपटता उभं राहता आलं पाहिजे, गोल फिरता आलं पाहिजे आणि पाय ताणून झोपता आलं पाहिजे. लॅब्राडॉरला मोठेपणी साधारण 42 इंची क्रेट लागतो. तो आत्ताच घेतलात तरी हरकत नाही, फक्त मध्ये जाळी टाकून जागा लहान करा आणि पिल्लू वाढेल तशी जाळी मागे सरकवत जा. आपल्या हवेत चहूबाजूंनी वारा खेळणारा तारेचा क्रेट बरा. पण तो बाल्कनीत ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यात, त्यातही पग किंवा शिह त्झूसारखं बसक्या नाकाचं पिल्लू असेल तर, उन्हाच्या झळांनी ते जिवावर बेतू शकतं.

आता क्रेटचा उपयोग नेमका कशामुळे होतो ते बघू. जन्मल्यावर पहिले काही आठवडे पिल्लाला स्वतःहून शूसुद्धा करता येत नाही. आई चाटते तेव्हा ती होते आणि आईच सगळं साफ करते. साधारण तीन आठवड्यांची झाली की पिल्लं लटपटत का होईना, झोपायच्या जागेपासून लांब जाऊन शी-शू करायला लागतात. अंथरूण कोरडं ठेवायची ही ओढ त्यांच्यात उपजत असते आणि क्रेटची सगळी मदार तिच्यावर आहे. म्हणून क्रेट फार मोठा झाला की पिल्लू एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात शू करतं. आणि म्हणूनच त्याला झेपेल त्याहून जास्त वेळ आत ठेवलं की नाइलाजाने ते अंथरुणातच करतं. असं वारंवार झालं की त्याला त्याचं काही वाटेनासं होतं.

दुकानातल्या पिंजऱ्यात आठवडेच्या आठवडे राहिलेल्या पिल्लांचं नेमकं हेच झालेलं असतं. जिथे खायचं, तिथेच करायचं, त्यातच झोपायचं. असं पिल्लू घरी आणलं, क्रेटमध्ये ठेवलं आणि सकाळी सगळं लडबडलेलं दिसलं की घरचे म्हणतात, हे हट्टी आहे. ते हट्टी नाही हो, त्याची ओढ आपण माणसांनीच मारून टाकलेली असते. अशा पिल्लाच्या बाबतीत शी-शूच्या शिस्तीसाठी क्रेटवर अवलंबून राहू नका. मोकळी जागा द्या, दर तासाला योग्य ठिकाणी न्या, तिथे केलं की लगेच खाऊ द्या. वेळ लागतो, पण शिकतात. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या नियमांनी बंदी आहे. घेताना वय विचारा, आणि शक्य असेल तर आई आणि भावंडं कुठल्या जागेत राहतात ते डोळ्यांनी बघून या.

पिल्लू किती वेळ कळ काढू शकतं, याचा ढोबळ हिशोब असा: जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, तितके तास. दोन महिन्यांचं पिल्लू, फार तर तीन तास. ही कमाल मर्यादा झाली, रोज तिथपर्यंत ताणायचं नाही. झोपेतून उठल्याबरोबर, जेवल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला बाहेर काढायचंच. सातव्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पिल्लाला कडेवर घेऊन निघावं, चालवत नेलं तर लिफ्टमध्येच शू होते. लशी पूर्ण व्हायच्या असतील तर रस्त्यावर सोडू नका, पार्व्हो या जीवघेण्या संसर्गाचा धोका असतो. तोवर गच्चीचा एक कोपरा किंवा बाल्कनीतला ट्रे ठरवून घ्या, आणि रोज तीच जागा ठेवा. घरात लादीवर झालं तर काळं फिनेल वापरू नका, पिल्लं लादी चाटतात.

आता दाराबद्दल, कारण माझ्या मते बहुतेक घरांचं गणित इथेच चुकतं. क्रेट आला, त्याच रात्री पिल्लाला आत ठेवलं, दार लावलं, दिवा मालवला आणि घरचे आपल्या खोलीत गेले. ज्या जिवाने आजवर एकही रात्र भावंडांच्या उबेशिवाय काढलेली नाही, त्याला आपण एकदम एकटं आणि बंद, दोन्ही करून टाकतो.

पहिले काही दिवस दार उघडंच ठेवा, वरच्या बाजूला दोरीने बांधून टाका. झुलत्या दाराचा तारेवर आपटून खणकन आवाज झाला की पिल्लू तिकडे फिरकत नाही. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे आत टाका आणि बाजूला बसा. काय होतं ते नीट बघा. पिल्लू पुढचे दोन पाय आत ठेवतं, मान लांब करून तुकडा उचलतं, पण मागचे पाय बाहेरच रोवलेले असतात, पळायची तयारी ठेवून. तेव्हा मागून ढकलायचा मोह होतो. अजिबात ढकलू नका. काही फेऱ्यांनी मागचा एक पाय आत येतो, मग दुसरा, आणि मग एक दिवस ते आतच वळून तुमच्याकडे तोंड करून बसतं. ते वळणं हीच खूण. तिथपासून जेवणाची वाटी आत ठेवायची, खाताना दार नुसतं लोटायचं आणि वाटी रिकामी व्हायच्या आत उघडायचं. मग कडी. मग तुम्ही त्याच खोलीत दोन पावलं लांब. मग नजरेआड क्षणभर.

रात्री क्रेट तुमच्या पलंगाशेजारी ठेवा. पिल्लू कुरकुरलं की हात खाली सोडला तरी त्याला वास येतो आणि पुष्कळदा तेवढ्यावर ते निजतं. मध्यरात्री उठून कुईकुई केलं तर समजा शू लागलीय. दिवा न लावता, न बोलता, न खेळता बाहेर न्या आणि परत आणून झोपवा.

"रडू दे, दमून गप्प बसेल" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मला हा सल्ला मुळीच मान्य नाही. थोडी कुरकुर करून स्थिरावणारं पिल्लू वेगळं. लाळ गळून हनुवटी भिजलीय, गज चावतंय, नखं तुटेपर्यंत तळ उकरतंय, हे घाबरणं आहे, आणि घाबरलेल्या पिल्लाला ताबडतोब बाहेर काढायचं. शेजाऱ्यांच्या धाकाने लोक दारं-खिडक्या बंद करून पिल्लाला आतल्या खोलीत टाकतात. त्यापेक्षा वरच्या-खालच्या घरी आधीच जाऊन सांगून या, पिल्लू आणलंय, चार रात्री आवाज होईल. लोक समजून घेतात.

मघाशी एका काकूंनी विचारलं, दोघंही नोकरीला जातात, नऊ-दहा तास क्रेटमध्ये राहील का? काकू, नाही. राहू नये. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणं गुन्हा आहे. स्वीडनमध्ये तर प्रवासासारखे अपवाद सोडले तर कुत्र्याला बंद पिंजऱ्यात ठेवायलाच मनाई आहे, आणि तिथलीही पिल्लं शी-शू बाहेर करायला शिकतातच. दिवसभर घर रिकामं राहत असेल तर कुंपण घालून एक कोपरा किंवा स्वयंपाकघराबाहेरचा पॅसेज मोकळा द्या, आणि दुपारी येणारं माणूस ठरवा. त्याची सोय होत नसेल तर पिल्लू आणणं पुढे ढकला.

क्रेटची खरी किंमत पुढे कळते. नसबंदीनंतर डॉक्टर उड्या मारू देऊ नका म्हणतात तेव्हा. दिवाळीत फटाके सुरू झाले आणि वर चादर टाकलेल्या क्रेटमध्ये कुत्रं आपणहून जाऊन बसलं तेव्हा. रेल्वेत फर्स्ट एसीचा कूपे मिळाला नाही आणि गार्डच्या डब्यातल्या बॉक्समधून न्यायची वेळ आली तेव्हासुद्धा, बंद जागेची सवय असलेला कुत्रा कमी बावरतो.

आत घालायला जुनी सुती चादर ठीक. उसवलेली गोधडी नको, पिल्लं दोरा ओढून गिळतात आणि तो आतड्यात अडकला तर ऑपरेशनची वेळ येते. आत जाताना गळ्यातला पट्टा काढा, त्याची कडी तारेत अडकून फास बसतो. आणि शिक्षा म्हणून क्रेटमध्ये कधीच टाकू नका.

ज्यांची पिल्लं आधीच क्रेट बघून मागे सरतात, त्यांनी दार बिजागरीतून काढून ठेवा, क्रेटची खोली बदला, अंथरूण बदला आणि चिकनच्या तुकड्यापासून पुन्हा सुरुवात करा. तरीही लाळ गळत असेल तर क्रेट माळ्यावर टाका आणि तुमच्या डॉक्टरांशी बोला. काही कुत्री उघड्या गादीवरच सुखाने झोपतात.