पाच ली धुके

हिवाळ्यातील सकाळी चोंगचिंगमधील छाओथ्यानमनच्या घाटावर उभे राहिले, तर च्यालिंग नदी यांगत्सेला नेमकी कोठे मिळते हे दिसत नाही. दिसतात ते इमारतींचे माथे आणि यांगत्सेवरून जाणारे, अर्ध्या वाटेत नाहीसे होणारे रोपवेचे डबे. चोंगचिंगला चीनमध्ये धुक्याचे महानगर म्हणतात.

डोंगरांनी वेढलेल्या सिच्वानच्या खोऱ्यात उत्तरेचे थंड वारे सहसा पोहोचत नाहीत, त्यामुळे तळाची हवा फारशी हलत नाही आणि दोन नद्या तिला बाष्प पुरवत राहतात. निरभ्र रात्री जमीन उष्णता सोडून गार होते, तिला लागून असलेली हवा दवबिंदूपर्यंत, म्हणजे बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानापर्यंत, थंडावते आणि वरची उबदार हवा झाकणासारखी बसल्याने पहाटे तयार झालेले सूक्ष्म जलकण तेथेच अडकतात. दृश्यमानता एक किलोमीटरच्या खाली गेली की हवामानशास्त्र त्याला धुके म्हणते. धूर आणि धुळीने येणारा काळपटपणा निराळा, पण शहरांच्या हवेविषयी बोलताना ही गल्लत सर्रास होते.

पुरता गोंधळलेला माणूस ‘पाच ली धुक्यात’ सापडला, असे चिनी लोक म्हणतात. ली हे अंतराचे चिनी माप; प्राचीन हान राजवटीच्या काळातील पाच ली म्हणजे साधारण दोन किलोमीटर. दुसऱ्या शतकातील विद्वान चांग खाय याच्याभोवती इतकी गर्दी जमे, की त्याच्या घराजवळ बाजार भरू लागला. दरबाराची बोलावणी मात्र तो आजारपण सांगून परतवी. पाच ली धुके पाडण्याची विद्या त्याला अवगत असल्याची ख्याती होती. तीन ली धुके पाडणारा फेइ यौ त्याच्याकडे शिकायला आला, तेव्हा चांग खाय लपून बसला. पुढे धुक्याआडून चोऱ्या करणारा फेइ यौ पकडला गेला आणि त्याने गुरू म्हणून चांग खायचेच नाव सांगितले. न शिकवलेल्या विद्येपायी त्या विद्वानाने दोन वर्षे तुरुंगात काढली आणि तेथेच एका प्राचीन ग्रंथावर भाष्य लिहिले.

वाक्प्रचारात धुके असे बदनाम झाले असले, तरी चोंगचिंगला ते उपयोगी पडले. १९३८ पासून जपानी विमाने या युद्धकालीन राजधानीवर बॉम्ब टाकत होती, पण हिवाळाभर धुक्यामुळे वैमानिकांना लक्ष्य दिसत नसे. त्या सवडीत, १९४१ पासून, धुक्याच्या हंगामातील नाट्यप्रयोग रंगू लागले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि भारतीय वैद्यकीय पथकातील त्यांचे सहकारीही चिनी कम्युनिस्टांचे केंद्र असलेल्या येनानला जाण्यापूर्वी १९३८-३९ च्या हिवाळ्यात याच शहरात मुक्कामाला होते. आकाश मोकळे झाले की हल्ले वाढत. ५ जून १९४१ रोजी अशाच एका हल्ल्याच्या वेळी भुयारात आश्रय घेतलेले शेकडो लोक गुदमरून मेले.